अर्धा ताका

यूजेनीने जाईच्या फुलांचा मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला, दोन पिना खोचल्या आणि हातातला आरसा समोर धरला, तेव्हा आरशात अफीफा होती. मी नव्हते. क्षणभरच झालं असेल, पण मी पलंगाच्या कडेवर बसले. झगा चुरगळेल म्हणून यूजेनीने मला दंडाला धरून पुन्हा उभं केलं. ही यूजेनी माझ्या वर्गातली, बैरूतच्या बड्या घरातली. तिच्या घरच्या जिन्याला संगमरवर आहे आणि ती सगळ्या जगाकडे त्या जिन्यावर उभी राहून पाहते. पण मनाने वाईट नाही. "काय गं लबीबा, भूत पाहिलंस की काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मुकुट नको मला. काढ." "काढ म्हणे. परवा हात कोणी वर केला होता? पाचजणींची पाचही मतं फुलांच्या बाजूने पडली, त्यातलं एक तुझं." ते खरं होतं. सुलतानाला संविधान द्यावं लागल्यापासून आमच्या वर्गाला मतं घ्यायची चटकच लागली होती. रविवारी जेवणात मसूर हवा की भोपळा इथपासून सगळं मतावर. पदवीच्या दिवशी डोक्यावर फुलं घालायची का, यावरही मत झालं आणि मी हात वर केला, कारण तेव्हा नुसती फुलं डोळ्यांसमोर होती. फुलांच्या खालचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. आणि तो चेहरा आता थोड्याच वेळात आई पाहणार होती.

अफीफा माझी थोरली बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली. गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मी आता एकवीस. धाकटीने थोरलीला ओलांडून पुढं जावं याचं गावात कोणालाच काही वाटत नाही, मलाच वाटतं. तिचे डोळे मला मिळालेत, तिची हनुवटी मिळाली, आणि ती गेल्यावर तिच्या बाकीच्या गोष्टीही एकेक करून माझ्याकडे आल्या. वडील लवकर गेले, म्हणून अफीफा गावाखालच्या रेशमाच्या कारखान्यात जायची. उकळत्या पाण्यात बोटं घालून कोशाचं टोक शोधायचं, दिवसभर. तिची बोटं कायम पांढरी, सुजलेली, आणि अंगाला मेलेल्या किड्यांचा वास. त्या वासाने गावातल्या बायका कारखान्यातल्या मुलींना लग्नात जरा लांबच बसवायच्या. तिच्या त्या बोटांवर मी शाळा शिकले, पुढं इथं बैरूतच्या कॉलेजात आले. तिसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला लागला आणि जानेवारीत ती गेली. आमच्या डोंगरात लग्नाच्या वयाची मुलगी बिनलग्नाची गेली तर तिला तशी पाठवत नाहीत. तिला नवरी करतात. पांढरा झगा, डोक्यावर फुलं, हातावर मेंदी, आणि बायका रडत रडत लग्नाचीच गाणी म्हणतात. जानेवारीत डोंगरावर फूल कुठलं? बायकांनी कागद कापून फुलं केली. ती जरा मोठी झाली होती, कपाळावर यायची, आणि काकू महीबा ती पुन्हा पुन्हा मागे सारत होती. मग वेळ आली जलघूतेची. आमच्यात नवरीच्या आईने 'आवीहा' करून चार ओळी म्हणायच्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी जीभ थरथरवत ती लांब लिलिलिली काढायची, तीच जलघूता. आईने काढल्याशिवाय बाकीच्या बायका ती उचलत नाहीत. आईने चार ओळी म्हटल्या. तुतीचं झाड, त्याची सावली, सावलीतून निघालेली वरात, असं काहीतरी होतं. तिचा आवाज चांगला आहे, आसपासच्या गावांतून तिला लग्नांना बोलावत. चौथी ओळ झाली, तिने तोंड उघडलं, आत जीभ हललेली मला दिसली, पण आवाज आला नाही. सगळी गल्ली वाट पाहत उभी होती. शेवटी काकूने ती पुरी केली. त्या दिवसापासून आई लग्नांत जाते, उभी राहते, आणि जलघूतेची वेळ आली की डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरते.

अशी ती आई, आणि तिनेच मला हे कापड पाठवलं होतं. घरच्या कोशांचं, गावातच विणलेलं, कडेला निळा धागा असलेलं रेशीम. दोघी मुलींच्या लग्नासाठी म्हणून तिने तो ताका लॉरेलच्या पानांत घालून पेटीत ठेवला होता. अर्धा अफीफाबरोबर गेला. उरलेला अर्धा मार्च महिन्यात गाडीवाल्याने कॉलेजच्या फाटकावर आणून दिला आणि म्हणाला, "उम्म अफीफाने सांगितलंय, शिवून घाल." एवढंच. आईला गाव आजही उम्म अफीफा म्हणतं, अफीफाची आई. मुलगा नाही म्हणून थोरल्या मुलीचं नाव लागलं आणि मुलगी गेली तरी तेच राहिलं. मी ते कापड उघडलं, लॉरेलचा वास आला आणि मी ते पुन्हा गुंडाळून ठेवलं. मला वाटलं, आईने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलंय. जूनमध्ये माझी पदवी, ऑक्टोबरात माझं लग्न, झगा एकच. कॉलेजचा नियम असा की पदवीचा झगा जिचा तिने आपल्या हाताने शिवायचा, पांढरा, साधा, लेस नाही, म्हणजे यूजेनी आणि मी सारख्याच दिसू. आम्ही पाचजणी दुपारी गोल करून शिवायला बसायचो. अर्शालूस नावाची आर्मेनियन मुलगी टाके घालता घालता म्हणायची, "लबीबा, तुझं कापड सुई धरत नाही, ओढून घेतंय." तसंच होतं. जिथं जिथं मी माप घेई तिथं मला दुसरं माप आठवे: बाही इतकी, कमर इतकी, आईने जमिनीवर पसरून कापलेली, शिवणार कोण तर मीच, कारण माझा टाका बारीक. अफीफाचा झगाही मीच शिवला होता. मापं थोडीफार सारखीच निघाली. या गोष्टीचा मला इतका राग आला की एक दिवस मी कात्री टाकून समुद्राकडे निघून गेले आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा शिवायला बसले.

शुक्रीचंही तसंच. ऑक्टोबरात ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं तो शुक्री हा काकूचा मुलगा, ब्राझीलला गेलेला. जाताना त्याचं अफीफाशी ठरलं होतं. ती गेल्याचं त्याला कळवलं तेव्हा येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर त्याचा निरोप आला, फार वाईट झालं, देवाची मर्जी, मग धाकटी ठेवा माझ्यासाठी. निरोप सांगणारा आमच्या अंगणात बसून अंजीर खात हे बोलला आणि मी आतून ऐकलं. त्यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्यात चुलतभावाचा हक्क पहिला. घोड्यावर चढलेली नवरीसुद्धा तो उतरवून नेऊ शकतो म्हणतात. शुक्री चांगला असेल, मला नीट आठवतसुद्धा नाही. आठवतं ते इतकंच की तो गावाबाहेरच्या उतारावर अफीफाला शिट्टी घालायचा आणि ती मला म्हणायची, तू पुढं हो. आता मला पुढं व्हायचं नव्हतं. मिस हॅलम, आमच्या अमेरिकन मुख्य बाई, त्यांनी महिन्यापूर्वीच मला बोलावून विचारलं होतं, खालच्या वर्गांना गणित आणि भूगोल शिकवायला राहशील का? पदवीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसरी मुलगी पाहावी लागेल. वरच्या मजल्यावरची एक खोली त्यांनी दाखवली. लोखंडी पलंग, टेबल, समुद्राकडे खिडकी. मला ती खोली इतकी हवीशी वाटली की मी खिडकीची कडी दोनदा लावून पाहिली. त्या खोलीत अफीफा कधी आली नव्हती. पण आईला हे सांगायचं कसं? एक मुलगी मातीत दिली, दुसरी समुद्रकाठच्या गोऱ्या बायकांना द्या, असं? महिनाभर मी वाक्यं जुळवत होते. तो दिवस उजाडला तरी एकही वाक्य तोंडात धरवेना, आणि आता वर हा मुकुट.

पिना ओढून मी तो काढला, दाराशी गेल्यावर घालीन असं यूजेनीला सांगितलं आणि तो हातात लपवून खाली बागेत आले. पाहुणे झाडांखाली जमले होते. शहरातले टोप्या घातलेले, छत्र्या घेतलेले, डोंगरातले टोपल्या घेतलेले. काका आले नव्हते, कोश विकायचे दिवस होते. आई आणि काकू महीबा खारनूबच्या झाडाखाली उभ्या होत्या. आई काळ्या कपड्यांत, हातात तुतीच्या सरबताची बाटली फडक्यात गुंडाळलेली. काकूने मला लांबूनच पाहिलं आणि हात पसरले. "आली गं बाई नवरी. पाद्री तयार, नवरी तयार, वऱ्हाड तयार. माझा शुक्रीच तेवढा बोटीत बसायचा राहिलाय." आईने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती वाकली, झग्याची खालची दुमड उलटून टाके पाहायला लागली. बोट फिरवत फिरवत निळ्या धाग्यापर्यंत गेली आणि तिथं थांबली. "टाका बारीकच आहे अजून," ती म्हणाली. काकू म्हणाली, "छानच झालाय. ऑक्टोबरात नुसती इस्त्री फिरवली की झालं." "एकदा घातलेला झगा नवरीला चालत नाही, महीबा," आई खाली वाकूनच म्हणाली. "हो गं, पण कुणाला कळतंय? बरं, मग पेटीतलं दुसरं काढ." "पेटीत काही नाही आता." "नाही म्हणजे? सहा वर्षं किडे पाळले नाहीस म्हणून काय झालं, आमच्याकडचे घे कोश." "मुलीचा झगा आईच्या घरच्या कोशांचा लागतो. तूच सांगायचीस." काकू, बघू, पुढचं पुढं, असं काहीतरी पुटपुटली. मी हे सगळं कानांनी ऐकत होते, पण माझं लक्ष होतं पाठीमागे धरलेल्या मुकुटाकडे. फुलं माझ्या घामाने ओली झाली होती. तेवढ्यात यूजेनी आली आणि तिच्या शहरी अदबीने म्हणाली, "उम्म लबीबा, तुम्ही पुढं येऊन बसा ना." आईने मागे वळून पाहिलं, अजून कोणी बाई उभी आहे का म्हणून. मग तिला कळलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही रडणार, पण तिने यूजेनीच्या डोक्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सगळ्या पोरींनी फुलं घातलीत. तुझी कुठं?" "आहेत. नंतर घालीन." "नंतर कशाला? घाल," आई म्हणाली आणि बाटली सांभाळत हॉलकडे चालायला लागली.

हॉलमध्ये शिरताना आम्ही पाचजणी एकीमागे एक. पियानो वाजत होता. मुकुट माझ्या डोक्यावर होता आणि तो मी घातला की यूजेनीने हे मला आठवत नाही. चालताना मला सारखं वाटत होतं, मी चालत नाही, मला नेलं जातंय. दोन्ही बाजूंना माणसं उभी, मधून पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी, वर फुलं. फक्त अफीफाच्या वेळी फुलांची करकर ऐकू येत होती, कागदाची. मी कान देऊन ऐकलं. नव्हती येत. आई तिसऱ्या बाकावर कडेला होती. तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून मी पाहिलं. तिने रुमालाचं टोक दातांत धरलं होतं आणि ती माझ्याकडे डोळे न मिटता पाहत होती, तापलेल्या तव्यावर हात ठेवून सोसावं तशी. ती पडली नाही, उठली नाही. मिस हॅलमनी आधी इंग्रजीत आणि मग त्यांच्या अरबीत सांगितलं की पाचही जणींना पदवी मिळेपर्यंत कोणीही टाळी वाजवू नये, आवाज करू नये. हा गंभीर प्रसंग आहे. काकूने मोठ्याने "बरं बाई" म्हटलं आणि मागच्या बाकांवरच्या बायका हसल्या. मग निबंध. माझा निबंध रेशमाच्या किड्यावर होता, इंग्रजीत. किडा पान खातो, चार वेळा कात टाकतो, कोश करतो. त्यात कारखाना नव्हता. वाचता वाचता मला पहिल्यांदा कळलं की मी तो मुद्दाम गाळला होता, आणि माझीच मला शरम वाटली. पुरुष मान हलवत ऐकत होते. आईला एक शब्द कळत नव्हता आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून हलत नव्हती.

माझं नाव आलं. मी पुढं झाले, मिस हॅलमनी फितीने बांधलेला कागद माझ्या हातात दिला. आधीच्या तिघींच्या वेळी झाली तशीच शांतता होती, कुणाचा तरी पंखा तेवढा फडफडत होता. आणि मग ती आली. आधी खरखरीत, गंजलेल्या कडीसारखी, मग एकदम मोकळी, उंच, छताला जाऊन भिडणारी, लांबच लांब जलघूता. आवीहाच्या ओळी नव्हत्या. त्या सहा वर्षांपूर्वी म्हणून झाल्या होत्या; उरलं होतं ते एवढंच. मला वळून पाहायची गरज नव्हती. मिस हॅलमचा हात हवेत तसाच राहिला, पुढच्या रांगेतले साहेब लोक माना वळवायला लागले, अर्शालूसने तोंडावर हात धरला. मला पहिली वाटली ती लाज, खोटं कशाला सांगू. कान तापले, जमीन दुभंगावी असं वाटलं. आणि लगेच भीती, कारण हा आवाज कशासाठी असतो ते मला ठाऊक होतं. हा आवाज काढून आई मुलगी देऊन टाकते. तेवढ्यात मागच्या बाकांवरच्या बायकांनी तो उचलला. आईने काढली की बाकीच्यांनी उचलायची, हा नियम त्यांना मिस हॅलमच्या नियमापेक्षा जुना. डोंगरातल्या, शहरातल्या, यूजेनीची संगमरवरी आईसुद्धा. हॉल असा भरून गेला की पाचव्या मुलीचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही आणि ती बिचारी हातवारे पाहून पुढं झाली.

बागेत काकू आनंदाने न्हाऊन निघाली होती. भेटेल त्याला सांगत होती, "सहा वर्षांनी तोंड उघडलं हो हिने. आता ऑक्टोबरात ऐका, माझ्या शुक्रीच्या लग्नात." आई सरबत ओतत होती. "ऑक्टोबरात काढायची तर तू काढ, महीबा," ती म्हणाली. "माझ्याकडे एकच उरली होती." काकूच्या हातातला पेला तसाच राहिला. "म्हणजे काय गं?" तिने विचारलं. "म्हणजे झगा घालून झाला, जलघूता काढून झाली. आमच्याकडची नवरी वाटेला लागली. शुक्रीला सांग, पोरगा चांगला आहेस, दुसरीकडं बघ." काकू बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "उम्म अफीफा, लोकांना काय सांगू मी?" आईने पुढचा पेला भरायला घेतला. मला मार्चपासूनचं सगळं तेव्हा कळलं, ते अर्धं कापड, गाडीवाल्याचा तो कोरडा निरोप. आणि माझ्या महिनाभराच्या सगळ्या वाक्यांचा मला वीट आला. मिस हॅलम आमच्याकडे येताना दिसल्या. त्यांच्या गालांवर अजून लाल डाग होते, पण त्यांनी आईला मान लववली आणि मला इंग्रजीत विचारलं, काय ठरलं? "काय म्हणते ती?" आईने विचारलं. "इथं शिकवायला राहतेस का, म्हणते." "मग सांग ना तिला. आम्हाला गाडी गाठायचीय." मी सांगितलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

गाडीत चढण्याआधी आई माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तो मुकुट दे इकडं." तिने स्वतःच पिना काढल्या. घाईत एक माझ्या कपाळावर ओरबाडली. "अफीफाला नेते," ती म्हणाली. "तिचा तेव्हा कागदाचा होता. तुला काय, इथं रोज फुलं मिळतील." मी म्हटलं, "आई, मी दिसत होते का तिच्यासारखी?" तिने बाटलीभोवतीचं फडकं सरबतासाठीच्या उरलेल्या पाण्याने ओलं केलं, मुकुट त्यात गुंडाळला. "दिसत होतीस," ती म्हणाली. "म्हणूनच म्हटलं, एकदा काय ते डोळ्यांनी बघून घेऊ. मग ती ती आणि तू तू." मी तिच्या गळ्यात पडले असते, पण ती तोवर पायरीवर चढली होती. दमास्कसच्या रस्त्याने गाडी डोंगराकडे वळली. काकू तोंड फिरवून बसली होती. आईने मागे पाहिलं नाही. मांडीवरच्या फडक्यावर तिने दोन्ही हात ठेवले होते, झोपलेल्या पोरावर ठेवतात तसे.

मग मी वरच्या खोलीत गेले. खिडकी उघडी होती, समुद्राचा आवाज येत होता. माझ्यासाठी म्हणून कोणीतरी भिंतीवर एक लहान आरसा लावला होता. मी त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिले. मग वळले. केस विस्कटलेले, नाक लाल, कपाळावर पिनेचा ओरखडा. मीच होते, एकटी.